पुण्याची संगमावरील रेसिडेन्सी : बाग, तबेला आणि राजकारण (१७८६–१८१७)

पेशवाईच्या उत्तरकाळात मुळा-मुठांच्या संगमावर इंग्रज वकिलाचे जे निवासस्थान होते, त्याचा उल्लेख मराठ्यांच्या इतिहासात बहुधा एकाच प्रसंगी येतो. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांच्या फौजेने ते जाळले आणि त्याच दिवशी खडकीची लढाई झाली, एवढे सांगून इतिहासकार पुढे जातो. त्यापूर्वीची तीस वर्षे हे घर शहराच्या सीमेवर उभे होते. त्याला बाग होती, तबेला होता, शिपायांचा पहारा होता आणि नोकरचाकरांचा मोठा परिवार होता. पुण्याच्या दरबारात काय शिजते आहे हे कलकत्त्यास व मुंबईस कळे ते येथूनच. आणि कलकत्त्याची इच्छा पुण्यास कळे तीही येथूनच. असे असता ह्या घराच्या जागेचा, त्याच्या रचनेचा आणि त्याच्या दारच्या घोड्यांचा विचार किरकोळ समजून बाजूस ठेवला जातो.

रेसिडेन्सी ही संस्था तहनाम्यांच्या कलमांनी जितकी घडली, तितकीच ती तिच्या स्थानाने घडली. वकिलाने शहरात राहावे की शहराबाहेर, त्याच्या आणि राजवाड्याच्या मध्ये किती अंतर असावे, ते अंतर त्याने कोणत्या इतमामाने ओलांडावे, हे प्रश्न त्या काळच्या राजकारणात क्षुल्लक नव्हते. संगमावरील घराच्या बाबतीत हे अंतर प्रथम उभय पक्षांच्या सोयीचे ठरले. १८०२ साली त्याच अंतराने घराचे रक्षण केले. आणि १८१७ साली तेच अंतर त्याच्या नाशास कारण झाले. मधल्या काळात अंतर बदलले नाही, घराचा शहराशी असलेला संबंध बदलला. हा बदल कसा झाला हे पाहणे ह्या लेखाचे प्रयोजन आहे.

जागा आणि तिचा अर्थ

पुण्यात इंग्रजांचा वकील राहण्याची प्रथा मॅलेटपासून सुरू झाली असे नाही. टॉमस मॉस्टिन हा १७७२ ते १७७४ या काळात पुण्यास होता आणि नारायणराव पेशव्यांचा खून (३० ऑगस्ट १७७३) झाला तेव्हा तो शहरातच होता. ह्या खुनानंतर उद्भवलेल्या यादवीत मुंबईकर इंग्रजांनी रघुनाथरावाचा पक्ष घेतला आणि त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध उद्भवले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने हे युद्ध मिटले तेव्हा इंग्रज वकिलाविषयी पुणे दरबारच्या मनात विश्वास असण्याचे कारण नव्हते. शिवाय तह घडवून आणणारे महादजी शिंदे यांना पुण्यास स्वतंत्र इंग्रज वकील नेमला जाणे पसंत नव्हते. इंग्रजांनी पेशव्यांशी बोलावयाचे ते आपल्यामार्फत बोलावे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणूनच १७८५ साली ह्या पदावर नेमलेला चार्ल्स वॉर मॅलेट सुरतेहून सरळ पुण्यास न येता उत्तरेत महादजींच्या छावणीस गेला, तेथून कलकत्त्यास गेला आणि मार्च १७८६ मध्ये पुण्यास पोहोचला.

त्याला पुढे राहण्यासाठी जी जागा मिळाली ती शहराला लागून असूनही शहरात नव्हती. पुणे मुठेच्या उजव्या तीरावर वसलेले. संगमावरील ही जागा पलीकडच्या तीरावर, दोन नद्यांच्या बेचक्यात. शनिवारवाड्यापासून ती मैल-दीड मैलाच्या पलीकडे नसेल. पण मध्ये मुठेचे पात्र होते. संगमावर पूल झाला तो इंग्रजी अमलात, १८३० साली, आणि तोही लाकडी. त्याच्या जागी दगडी पूल बांधला गेला तो १८७५ साली. पेशवाईत येथून शहरात यावयाचे तर नदीचा उतार गाठावा लागे, आणि पावसाळ्यात पात्र भरले म्हणजे ह्या एका मैलाचा प्रवासही नदीच्या मर्जीवर अवलंबून राही.

अशी जागा देण्यात दरबारचा हेतू ओळखणे कठीण नाही. नाना फडणिसांच्या कारभारात बातमीला जे महत्त्व होते ते सर्वविश्रुत आहे. परकी वकील शहराच्या पेठेत राहिला तर त्याच्याकडे कोण येते, कोण जाते, ह्यावर नजर ठेवणे अवघड. नदीपलीकडील मोकळ्या जागेत तो राहिला तर त्याच्याकडे जाणारा प्रत्येक मनुष्य उतारावरच दृष्टीस पडावयाचा. उलट मॅलेटच्या दृष्टीनेही ही जागा गैरसोयीची नव्हती. मोकळी हवा, नदीकाठची जमीन, बागेस पाणी, शिपायांच्या पहाऱ्यास व जनावरांस पुरेशी जागा, आणि शहरात दंगा झाला तर त्यापासून अलिप्त राहण्याची सोय, हे सर्व त्याला एकाच ठिकाणी मिळाले. एकाला जे कुंपण वाटले तेच दुसऱ्याला अंगण वाटले, आणि दोघेही तूर्त समाधानी राहिले.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. संगम हे पुणेकरांचे स्नानाचे व अंत्यविधीचे पवित्र स्थान होते. त्यामुळे ह्या घराच्या समोर शहराचे धार्मिक जीवन नित्य चालू असे. पुढे ह्या घरी पाहुणे म्हणून आलेल्या अनेक इंग्रजांनी पुण्याविषयी जे लिहिले, त्यातील बराचसा भाग असा नदीच्या अलीकडून पाहिलेला आहे. शहर दिसत होते. परंतु ते पाण्यापलीकडून दिसत होते, हे त्या लिखाणाचा उपयोग करताना विसरून चालत नाही.

घर, बाग आणि तबेला

मॅलेटच्या काळातील रेसिडेन्सी ही एकच भव्य इमारत नव्हती. बंगल्यांचा तो एक समूह होता. वकिलाचा बंगला, त्याच्या मदतनिसांची व शल्यवैद्याची घरे, कचेरी, पहाऱ्याच्या शिपायांच्या चाळी, स्वयंपाकाच्या व कोठीच्या जागा आणि ह्या सर्वांभोवती नदीकाठापर्यंत गेलेली बाग, अशी तिची साधारण मांडणी होती. समकालीन वर्णनांत ह्या बागेची स्तुती आढळते. त्याच वर्णनांत मॅलेटच्या तबेल्यात चाळीस-पन्नास घोडी असल्याचा आणि त्याच्या दारी हत्ती व पालख्या असल्याचा उल्लेख येतो.

चाळीस-पन्नास घोडी हा आकडा नुसता वाचून सोडण्यासारखा नाही. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे चांगल्या घोड्यामागे एक मोतद्दार आणि गवत कापून आणणारा एक मनुष्य असे. म्हणजे तबेल्याचीच ऐंशी-शंभर माणसे झाली, आणि त्यांच्याबरोबर त्यांची बायकापोरे. त्याशिवाय नालबंद, जीनगर, भिस्ती, माहूत आणि पालखीचे भोई वेगळे. घोड्याला रोज हरभऱ्याची चंदी लागे, गवत लागे, पावसाळ्यात कोरडी जागा लागे. ही सर्व सामग्री पुण्याच्या बाजारातून व आसपासच्या गावांतून येत असे. सारांश, कागदावर रेसिडेन्सी म्हणजे एक वकील व त्याचे दोन-तीन मदतनीस. प्रत्यक्षात मात्र ती एक लहानशी वस्ती होती, आणि तिच्यात राहणाऱ्यांपैकी बहुतेक लोक ह्याच देशातील होते. परकी सत्तेचे हे ठाणे रोजच्या रोज उभे राही ते त्यांच्याच हातांवर.

इतक्या घोड्यांची गरज काय होती? पहिली गरज इतमामाची. दरबारात जाताना वकिलाची स्वारी कशी निघते ह्यावरून त्याच्या धन्याची योग्यता मापली जाई. दरबारच्या देण्याघेण्यात पोशाख, जवाहीर, हत्ती आणि घोडे ह्यांना ठराविक स्थान होते. १ जून १७९० रोजी पुण्यास टिपूविरुद्धचा तह झाला. त्या तहाच्या निमित्ताने सवाई माधवरावांच्या दरबारात झालेल्या समारंभाचे मोठे चित्र टॉमस डॅनियलने पुढे इंग्लंडात रंगविले. ज्या चित्रकाराच्या अभ्यासचित्रांच्या आधारे ते रंगविले गेले तो जेम्स वेल्स हा पुण्यास मॅलेटच्याच आश्रयाने राहिला होता. मॅलेटच्या प्रेरणेने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली आणि गंगाराम तांबट ह्या पुणेकर कलावंताने वेल्सच्या हाताखाली वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. रेसिडेन्सीचा शहराशी असलेला संबंध ह्या काळात अशा प्रकारचा होता. त्यात कुतूहल होते, देवघेव होती आणि सावधपणाही होता. हुकूम मात्र अद्याप नव्हता.

दुसरी गरज फिरण्याची. इंग्रज अधिकाऱ्यांत पहाटे घोड्यावर रपेट करण्याची व शिकारीस जाण्याची रीत होती. ती वरवर पाहता व्यायामाची व करमणुकीची. परंतु वर्षानुवर्षे रोज शहराभोवती घोडा फिरविणाऱ्या माणसाला कोणता ओढा कोठे खोल आहे, कोणत्या उताराला किती पाणी असते, कोणत्या माळावर फौज उतरू शकते, हे नकाशाशिवाय ठाऊक होते. बातमीपत्रे पायी चालणाऱ्या जासुदांच्या हाती जात. भूमीची ओळख मात्र घोड्याच्या पाठीवरून होई. शहराबाहेर राहिल्याने वकील शहराच्या आतील व्यवहारास पारखा होईल अशी दरबारची अपेक्षा असेल, तर ह्या तबेल्याने ती बरीचशी निष्फळ केली.

पागा आणि तबेला

ह्या तबेल्याचे खरे स्वरूप कळण्यासाठी नदीपलीकडील पागेकडे पाहिले पाहिजे. मराठी राज्य हे घोडदळाचे राज्य होते. ज्याचा घोडा सरकारचा तो बारगीर आणि ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, हा भेद लष्करी तर होताच, पण सामाजिकही होता. शिलेदाराचा घोडा हे त्याचे भांडवल. तो लढाईत पडला तर शिलेदार कर्जात बुडे किंवा बारगीर होई. म्हणून शिलेदारी फौज शत्रूच्या भरगच्च पायदळावर वारंवार घोडे घालण्यास नाखूष असे. त्यात भित्रेपणा नसून हिशेब होता. भीमा-नीरेच्या खोऱ्यांत निपजणारे भीमथडी तट्टू बेताच्या उंचीचे पण अत्यंत काटक. दूरच्या मजला मारण्यात त्याची बरोबरी करणारे जनावर विरळा. ह्या घोड्यांच्या बळावरच मराठी फौजा दसऱ्यास शिलंगण करून बाहेर पडत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परतत.

पुण्यात पेशव्यांची खास पागा शहराच्या कडेलाच होती आणि तिच्यावरून त्या भागाला हुजूरपागा हे नाव पडले. हुजूरपागेचा प्रत्येक घोडा हा राज्याच्या लष्करी व महसुली व्यवस्थेचा भाग होता. गावोगावचा वसूल, सरंजाम, कुरणे आणि शिलेदारांची देणी ह्यांच्याशी तो जोडलेला होता. रेसिडेन्सीचा तबेला मात्र ह्या व्यवस्थेत कोठेच बसत नव्हता. त्याचा खर्च कंपनी सरकारच्या खजिन्यातून व वकिलाच्या मोठ्या वेतनातून चाले. वसूल बुडाला, दुष्काळ पडला किंवा सरदार रुसला म्हणून तेथील चंदी थांबत नसे. एका बाजूस हजारो घोडी, पण त्यांच्या पोटाची चिंता नित्याची. दुसऱ्या बाजूस मोजकी घोडी, पण ती नेहमी तयार. दोन राज्यपद्धतींमधील भेद नदीच्या दोन तीरांवर असा उघड दिसत होता. त्याचा अर्थ त्या वेळी फार थोड्यांना लागला असावा.

१८०२ : निशाणाचे संरक्षण

मॅलेट १७९७ साली पुण्याहून गेला. त्याच्यामागून पामर आणि नंतर १८०१ साली बॅरी क्लोज हे रेसिडेंट झाले. दरम्यान सवाई माधवरावांचा मृत्यू (१७९५), दुसऱ्या बाजीरावाचे पेशवेपदी येणे (१७९६) आणि नाना फडणिसांचा मृत्यू (१८००) ह्या घटनांनी दरबारचा कणा खिळखिळा झाला होता. विठोजी होळकरास १८०१ साली पुण्यात क्रूरपणे मारण्यात आल्यावर यशवंतराव होळकर फौजेनिशी दक्षिणेत उतरला आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरच्या रणात त्याने शिंदे व पेशवे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरला.

त्या दिवशी संगमावरील घराच्या ठळक जागांवर इंग्रजी निशाणे उभारण्यात आली होती. शहराभोवती विजयी फौज पसरलेली असताना आणि पुणे पूर्णपणे होळकराच्या हाती असताना ह्या घराला कोणी हात लावला नाही. उलट यशवंतरावाने क्लोजची भेट घेऊन त्याच्यामार्फत तडजोड करण्याचा प्रयत्न केला. क्लोज नोव्हेंबरअखेरपर्यंत पुण्यातच होता आणि त्यानंतर सुखरूप निघून गेला.

ही घटना वाटते त्याहून महत्त्वाची आहे. होळकराकडे रेसिडेन्सीचा चुराडा करण्याइतके घोडदळ होते आणि तेथे लुटीसारखी मालमत्ताही होती. पण ते घर चालू असलेल्या भांडणाच्या बाहेरचे आहे, अशी सर्वांची समजूत होती. ज्याच्याशी वैर नाही आणि ज्याचा उद्या उपयोग होण्याचा संभव आहे, अशा तिऱ्हाइताचे घर म्हणून ते वाचले. निशाणाच्या कापडात सामर्थ्य नव्हते. निशाण तिऱ्हाइताचे आहे ह्या मान्यतेत होते. शहराच्या वेशीबाहेर असण्याचा अर्थ त्या दिवशी पूर्णपणे प्रत्ययास आला.

परंतु त्याच प्रसंगातून ही मान्यता नष्ट होण्यास आरंभ झाला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावाने वसईचा तह केला. त्यानुसार कंपनीची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात कायमची आली आणि परराज्यांशी व्यवहार इंग्रजांच्या संमतीने करण्याचे बंधन पेशव्यांवर पडले. एप्रिल १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली घोडदळ घेऊन बत्तीस तासांत सुमारे साठ मैलांची मजल मारून पुण्यास आला आणि मेमध्ये बाजीराव इंग्रजी फौजेच्या आश्रयाने गादीवर परत बसला. संगमावरचे घर जागचे हलले नाही. पण तिऱ्हाइताचे घर ही त्याची ओळख मात्र त्या उन्हाळ्यात संपली.

एल्फिन्स्टनचा काळ

१८११ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन रेसिडेंट म्हणून संगमावर राहावयास आला. मराठी कागदांतील ‘अल्पिष्टन’ तो हाच. पूर्वी क्लोजच्या हाताखाली त्याने पुण्यास काम केले होते आणि १८०३ च्या युद्धात तो वेलस्लीबरोबर असईच्या रणात घोड्यावर होता. ग्रीक-लॅटिन ग्रंथांचे वाचन, पहाटेची रपेट आणि रानडुकराची शिकार हे त्याचे छंद त्याच्या रोजनिशीवरून प्रसिद्धच आहेत. त्याच्या वेळी रेसिडेन्सीला मोठा ग्रंथसंग्रह लाभला. वरकरणी पाहता ते एका विद्याव्यासंगी गृहस्थाचे शहराबाहेरील शांत घर होते.

प्रत्यक्षात ह्या घराचा हात आता शहराच्या घराघरांत पोहोचला होता. पेशवे व त्यांचे जहागीरदार ह्यांच्यातील वाद रेसिडेंटापुढे येऊ लागले. बाळाजीपंत नातूंसारखी माणसे दरबारची बातमी संगमावर पोहोचवू लागली. जुलै १८१५ मध्ये पंढरपूरास बडोद्याचा वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन याचा खून झाला. शास्त्री इंग्रजांच्या हमीवर आला असल्यामुळे एल्फिन्स्टनने खुनाचा आरोप असलेल्या त्रिंबकजी डेंगळ्यास ताब्यात मागितले आणि अखेर पेशव्यांना तो द्यावा लागला. आपल्या प्रमुख कारभाऱ्यास परक्या वकिलाच्या मागणीवरून कैदेत द्यावे लागणे, हा बाजीरावाच्या सत्तेवर झालेला उघड आघात होता.

त्रिंबकजी सप्टेंबर १८१६ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यातून निसटला. ह्या सुटकेची जी हकीकत बिशप हेबरने आपल्या प्रवासवर्णनात दिली आहे, तिच्याप्रमाणे किल्ल्यातील एका इंग्रज अधिकाऱ्याकडे चाकरीस राहिलेला मराठा मोतद्दार घोड्याची मालिश करता करता कैद्याच्या खिडकीखाली गाणी म्हणत असे आणि त्या गाण्यांतून निसटण्याची योजना सांगत असे. पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायांना ती भाषा कळत नव्हती. हकीकतीचा तपशील कोणी कसाही मानो, ती लोकांत रुजली ह्यालाच अर्थ आहे. इंग्रजांचा तबेला ज्या माणसांच्या हातांवर चालत होता ती माणसे इंग्रजांची नव्हती, ही गोष्ट तीत स्पष्टपणे सांगितली गेली आहे.

ह्यानंतर घटना वेगाने घडल्या. मे १८१७ मध्ये एल्फिन्स्टनने पुण्यास फौजेचा वेढा घातला आणि सिंहगड, पुरंदर व रायगड हे किल्ले तारण म्हणून मागून घेतले. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने पेशव्यांना मराठमंडळाचे नायकत्व सोडावे लागले. त्याच तहातील एक कलम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. पेशव्यांनी पाच हजार घोडेस्वार व तीन हजार पायदळ ह्यांच्या खर्चासाठी मुलूख तोडून द्यावा आणि ही फौज इंग्रजांच्या हुकमतीखाली राहावी, असे ठरले. त्यानुसार उभारलेल्या घोडदळातून पुढे ‘पूना हॉर्स’ ही भारतीय सैन्यातील प्रसिद्ध पलटण उदयास आली. मॅलेटच्या दारी चाळीस-पन्नास घोडी होती. आता मराठी मुलखाच्या वसुलावर पोसलेले पाच हजार घोडे संगमावरील घराच्या शब्दाबरोबर चालणार होते. पेशव्यांच्या पागेचा वसूल रेसिडेंटाच्या तबेल्याकडे वळला, असे ह्या कलमाचे थोडक्यात वर्णन करता येईल. ज्या शिलेदाराची भाकर त्या वसुलावर होती, त्याला तहाची इतर कलमे समजली नाहीत तरी हे एक कलम समजल्यावाचून राहिले नसेल.

५ नोव्हेंबर १८१७

त्या वर्षीचा दसरा १९ ऑक्टोबरला आला. दसऱ्याच्या स्वारीत पेशव्यांच्या घोडदळाची एक टोळी इंग्रजी पलटणीच्या रांगेवर चाल केल्यासारखी दौडत गेली आणि अगदी जवळ जाऊन वळली. रिवाजातील दिखाऊ दौड आणि खरी चाल ह्यांच्यामध्ये आता फारच थोडे अंतर उरले आहे, हे त्या दिवशी दोन्ही बाजूंना कळून चुकले. ऑक्टोबरच्या अखेरीस शहरात तोफा जुंपल्या जात होत्या, घोड्यांवर खोगिरे चढत होती, आणि मुठेपलीकडील घरात त्याची बातमी तासातासाला येत होती. शहराच्या इतके जवळ आणि फौजेपासून इतके दूर असलेले हे ठिकाण आता धोक्याचे होते. मुंबईहून गोरी पलटण येऊन पोहोचल्यावर १ नोव्हेंबरला इंग्रजी फौजेने शहरालगतची आपली छावणी सोडून खडकीस तळ दिला. एल्फिन्स्टन मात्र संगमावरच राहिला. रेसिडेंटाने घर सोडणे म्हणजे तह मोडल्याचे आपणच जाहीर करणे, हे तो जाणून होता.

५ तारखेस दुपारी पेशव्यांकडून विठोजी नाईक गायकवाड अखेरचे निरोप घेऊन आला. गोरी पलटण परत पाठवावी, देशी पलटणी कमी कराव्यात आणि छावणी पेशवे सांगतील तेथे न्यावी, अशा त्या मागण्या होत्या. त्या नाकारल्या गेल्यावर थोड्याच वेळात पेशव्यांची फौज बाहेर पडू लागली. एल्फिन्स्टन व त्याच्याबरोबरची मंडळी कशीबशी निघाली. मुळेचा उतार ओलांडून ती डाव्या तीराने, नदी मध्ये ठेवून, खडकीच्या पुलाकडे गेली आणि फौजेस मिळाली. वर्षानुवर्षांच्या रपेटीतून झालेली उतारांची व वाटांची ओळख ह्या प्रसंगी त्यांच्या उपयोगी पडली, असे मानण्यास जागा आहे. त्यांच्या पाठीमागे रेसिडेन्सी लुटली गेली आणि तिला आग लावण्यात आली. बंगले, सामानसुमान आणि एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह भस्मसात झाला.

त्यानंतरची लढाई सुपरिचित आहे. इंग्रजांच्या अंदाजाप्रमाणे पेशव्यांकडे अठरा हजार घोडेस्वार, आठ हजार पायदळ व चौदा तोफा होत्या. इंग्रजांकडे सुमारे दोन हजार आठशे लोक होते आणि त्यांची भिस्त पायदळावर होती. त्या दिवशी तेथे हजर असलेल्या ग्रँट डफने पेशव्यांच्या घोडदळाच्या चालीला खंबायतच्या आखातातील भरतीच्या लोंढ्याची उपमा दिली आहे. बापू गोखल्यांनी निवडक सहा हजार घोडा इंग्रजांच्या डाव्या बगलेवरील पलटणीवर सोडला. परंतु मध्ये असलेल्या दलदलीत घोडी अडखळून पडली आणि चालीचा जोर मोडला. जरीपटका घेऊन लढणारा मोरो दीक्षित तोफेच्या माऱ्यात पडला. ज्या तुकडीच्या तोफेने तो पडला तिचा नायक कॅप्टन फोर्ड हा त्याचा स्नेही होता. बाजीराव पर्वतीवरून हे पाहत होता. इंग्रजांचे शहाऐंशी आणि पेशव्यांचे सुमारे पाचशे लोक जायबंदी वा ठार झाले. १६ नोव्हेंबरच्या येरवड्याच्या चकमकीनंतर पेशव्यांनी पुणे सोडले आणि १७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढले.

रेसिडेन्सी जाळण्याच्या कृत्याविषयी दोन प्रकारची मते मांडली गेली आहेत. इंग्रज लेखकांनी वकिलाच्या घराचे पावित्र्य मोडणारा विश्वासघात म्हणून त्याची निंदा केली. उलट पक्षी परकी सत्तेच्या ठाण्याचा नाश म्हणून त्याचे समर्थन करण्यात आले. दोन्ही मते ते घर १७८६ पासून १८१७ पर्यंत एकच होते असे धरून चालतात. १८०२ आणि १८१७ ही दोन वर्षे शेजारी ठेवली की ही समजूत टिकत नाही. होळकराने ज्या घराला स्पर्श केला नाही ते वकिलाचे घर होते. गोखल्यांच्या फौजेने जे जाळले ते वकिलाचे घर म्हणून ओळखले जात असले तरी किल्ले मागणारे, कारभारी कैद करणारे आणि राज्याच्या वसुलावर पाच हजार घोडा पोसणारे ते सत्तास्थान होते. वकिलाच्या घराला मिळणारे अभय हे त्याच्या अलिप्ततेचे मोल असते. अलिप्तता सोडल्यावरही अभय कायम राहील, अशी एल्फिन्स्टनची अपेक्षा होती असे दिसत नाही. तसे असते तर त्याने फौज आधीच खडकीस हलविली नसती. दुसऱ्या बाजूने पाहता, घर जाळून सत्ता जळत नाही, हे बाजीरावाच्या लक्षात आले नाही. ती सत्ता त्या दुपारी मुळेचा उतार ओलांडून निघून गेली होती.

नंतर

युद्धानंतर एल्फिन्स्टन जिंकलेल्या मुलखाचा कमिशनर झाला आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर होता. पेशव्यांच्या मुलखाविषयी १८१९ साली त्याने जो अहवाल लिहिला, त्यावरून मराठी समाजव्यवस्थेचे त्याचे ज्ञान किती सूक्ष्म होते हे दिसते. ते ज्ञान संगमावरील घरात मिळविलेले होते. पुण्यात पुढेही इंग्रज अधिकाऱ्यांनी शहराबाहेरच घरे केली. गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान प्रथम दापोडीस होते. पुढे बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत १८६४ पासून गणेशखिंडीस मोठ्या खर्चाने नवे घर बांधण्यात आले. १८१८ च्या पूर्वीचे पुणे आणि नंतरचे पुणे यांत कितीही फरक पडला, तरी शहर व सत्ता ह्यांच्यामधील हे अंतर राहिलेच. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्या घोडागाड्यांवर हल्ला केला तो ह्याच अंतरात, समारंभाहून परतणाऱ्या गाड्या शहराच्या बाजूस येत असताना. १९४९ साली गणेशखिंडीचे ते घर पुणे विद्यापीठाच्या हाती आले आणि त्याचा अर्थ बदलला.

संगमाच्या परिसरात पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. रेसिडेंटाच्या तबेल्याचे नाव पुण्यातील कोणत्याही गल्लीस वा पेठेस राहिलेले नाही. पेशव्यांची पागाही नाहीशी झाली. परंतु त्या पागेच्या जागेवर मुलींची एक शाळा भरू लागली. १८८४ साली स्थापन झालेल्या ह्या शाळेला पुणेकर आजही ‘हुजूरपागा’ ह्याच नावाने ओळखतात. राज्याच्या वसुलाशी, शिलेदाराच्या कर्जाशी आणि कुरणाच्या गवताशी जोडलेली पागा शहराच्या बोलीत टिकली. परक्या खजिन्यावर पोसलेला तबेला तीस वर्षे शहराच्या दाराशी राहूनही त्या बोलीत शिरला नाही.